जनुक तेच, बिघाड वेगळा

'माणसाचा मेंदू सगळीकडे सारखाच, मग युरोपीय वंशाच्या लोकांवरचं संशोधन पुरेसं का नाही?' हा मेंदूच्या आजारांच्या जनुकीय संशोधनाबद्दलचा प्रश्न रास्त आहे. पार्किन्सनचं (कंपवाताचं) उदाहरण बघा.

जीबीए१ या जनुकातले दोष पार्किन्सनचा धोका वाढवतात, हे आधीपासून माहीत होतं. पण ते बहुतेक प्रथिनाची रचनाच बदलणारे दोष. २०२३ मध्ये नायजेरिया आणि अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या अभ्यासात याच जनुकात वेगळाच बदल सापडला. तो प्रथिनाची माहिती नसलेल्या भागात, म्हणजे इंट्रॉनमध्ये आहे. जनुकाच्या आरएनएची (म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या नकलेची) कापणी-जोडणी त्यामुळे बिघडते आणि या जनुकापासून बनणारं विकर (एन्झाइम) कमी पडतं. या बदलाची एक प्रत असेल तर धोका सुमारे दीडपट, दोन असतील तर साडेतीनपट. युरोपीय वंशात हा बदल जवळजवळ नाहीच, मग तिथे कितीही नमुने तपासले तरी हाती काय लागणार? (फक्त एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले भाग, वाचणारी चाचणीही तो सहज चुकवेल.)

अल्झायमरमध्ये (स्मृतिभ्रंशाच्या आजारात) एपीओई-४ची, म्हणजे एपीओई जनुकाच्या धोका वाढवणाऱ्या प्रकाराची, गोष्ट थोडी निराळी. तिथे प्रकार तोच, पण त्याचा परिणाम पूर्व आशियाई लोकांत जास्त दिसतो, आफ्रिकी वंशात कमी. त्यामुळे युरोपीय आकड्यांवरून काढलेला 'जोखीम गुणांक' सरसकट सगळ्यांना लावणं मला तरी पटत नाही.