जुन्या गाड्यांचा फोटो चॅलेंज ठेवतोय, विषय आणि नियम सुचवा

क्रोमवेडा
मंडळी, आमचा जुन्या गाडीवाल्यांचा छोटा ग्रुप आहे, कुणाकडे बीटल, कुणाकडे मिनी, दोघांकडे एमजीबी, एकाची मर्सिडीज पॅगोडा आणि एक बहाद्दर तर सिट्रॉएन डीएस सांभाळून बसलाय. ग्रुपवर दिवसभर काय तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय आणि अमुक रबर कुठे मिळेल, एवढंच. म्हणून जरा मजा म्हणून फोटो चॅलेंज ठेवू असं ठरलंय. दर आठवड्याला एक विषय, प्रत्येकाने फक्त आपल्या गाडीचा एक फोटो टाकायचा, बक्षीस बिक्षीस काही नाही, जो जिंकेल त्याने पुढचा विषय द्यायचा.
पण सुरू व्हायच्या आधीच कुरबुर चालू झालीये. ज्यांच्या गाड्या नुकत्याच रीस्टोर होऊन आल्यात त्यांचेच फोटो दर वेळी जिंकणार हे सगळ्यांना दिसतंय. एकाची गाडी तर इंजिन बाहेर काढून ठोकळ्यांवर उभी आहे, तो म्हणतो मी काय टाकू, ताडपत्रीचा फोटो? शिवाय एकाकडे मोठा कॅमेरा, बाकी सगळे मोबाइलवाले. तर विषय कसे निवडायचे, एडिटिंगला किती सूट द्यायची आणि मतं कशी घ्यायची? फोटो बरे येण्यासाठी पण काही सांगा.

बॉनेटखाली
अरे मग ताडपत्रीच टाकू दे की त्याला! चेष्टा नाही करत, पहिला विषयच "झाकलेली गाडी" ठेवा. चांगल्या जुन्या गाडीची ओळख तिच्या आकारात असते, बीटलवर चादर टाकली तरी लहान पोर ओळखेल, आणि तुमच्या त्या पॅगोडाचं टप मध्ये खोलगट असतं, कडा वर आणि मध्य खाली, ते कापड नीट बसलं तर बरोबर दिसतं. या आठवड्यात चकचकीत रंगवाल्याला काडीचाही फायदा नाही.
माझं मत विचाराल तर पहिले काही आठवडे एकच नियम करा, पूर्ण गाडी दाखवायची नाही. फक्त एक तुकडा. आणि बाकीच्यांनी तो तुकडा बघून साल ओळखायचं, यात जी मजा येते ती पूर्ण गाडीच्या फोटोत नाही. बीटलची मागची काचच घ्या, १९५३ च्या सुरुवातीपर्यंत ती दोन भागांत होती, मग १९५७ पर्यंत लंबगोल, नंतर मोठी चौकोनी झाली. एमजीबी १९६२ ला आली तेव्हा क्रोमचे बंपर होते, १९७४ पासून काळे रबरवाले आले, म्हणजे तुमच्या दोघा एमजीबीवाल्यांनी नुसता बंपरचा कोपरा टाकला तरी भांडण पेटेल. डीएसचे मागचे इंडिकेटर टपाच्या कडेला वर लावलेत, हे ज्याने कधी ती गाडी मागून बघितली नाही त्याला ओळखताच येणार नाही. आणि ठोकळ्यांवरच्या गाडीचा उघडा पिस्टन, जुन्या वायरिंगचा गुंता, रंगाचे एकावर एक चढलेले थर, हे तर रीस्टोर झालेल्यांकडे आता उरलेलंच नाही, उलट त्याचंच पारडं जड आहे.

पन्नासएमएम
कॅमेऱ्याची काळजी सोडा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, म्हणजे एका फ्रेममध्ये बराच रुंद भाग घेतो (लेन्सच्या भाषेत २४ ते २६ एमएमच्या आसपास), आणि गाडीच्या नाकाजवळ उभं राहून फोटो काढला की बॉनेट फुगतो आणि मागचा भाग आवळून जातो, म्हणून सगळ्यांचे फोटो सारखेच विचित्र दिसतात. दहा पावलं मागे जा आणि २ किंवा ३ पट झूम लावा, गाडीची ठेवण लगेच जशीच्या तशी दिसायला लागते. दुसरं, उभं राहून काढू नका. गुडघ्यावर बसा, मोबाइल हेडलाइटच्या उंचीला आणा. मिनीची चाकं तर १० इंचीच, लांबी जेमतेम ३ मीटर, तिला वरून काढलं की खेळणं वाटते.
समोरून तिरका फोटो असेल तर स्टेअरिंग असं वळवा की पुढच्या चाकाची रिम आपल्याकडे दिसेल, टायरचा नुसता काळा पट्टा नको. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना काढा, नाहीतर ढगाळ दिवस, भर दुपारी क्रोमवर नुसते पांढरे डाग येतात.
आता रिफ्लेक्शन. पोलरायझर फिल्टर काचेवरची आणि रंगावरची चमक कमी करतो, पण क्रोम म्हणजे उघडा धातू, तिथे त्याचा उपयोग जवळपास शून्य. म्हणजे मोठ्या कॅमेरावाला आणि मोबाइलवाला क्रोमपुढे सारखेच. क्रोममध्ये जे दिसायला हवं ते समोर आणून ठेवायचं, मोठं पांढरं कापड वगैरे, आणि आपण गडद कपडे घालायचे. नाहीतर व्हीलकॅपमध्ये पिवळ्या टीशर्टमधला मालक उकिडवा बसलेला दिसतो :) खरं तर तोच एक विषय करा, क्रोममधला मालक. बंपरमध्ये वाकडातिकडा, पोट सुटलेला, मजा येईल.
काळी गाडी असेल तर आधी ती काय दाखवतेय ते बघा मग गाडी बघा, कारण काळा रंग आरशासारखा सगळं परत फेकतो, विजेचे खांब, शेजारची भिंत, सगळं.

सायलेन्सरराव
जरा वेगळं बोलतो. एवढी समानता आणायच्या नादात ज्याने वर्षं घालवून गाडी उभी केली त्याला पूर्ण गाडी दाखवायचीच नाही हे पण बरोबर नाही ना राव. त्याची पण हौस असतेच की. माझ्या मते एक आठवडा तुकडा, एक आठवडा पूर्ण गाडी असं आलटून पालटून करा, म्हणजे कुणीच रुसणार नाही.
एडिटिंगबद्दल मात्र कडक राहा. फोटो कापणं, उजेड कमीजास्त करणं, ब्लॅक अँड व्हाइट करणं चालेल. आकाश बदलणं, गंज पुसणं, एआयने मागे डोंगर आणून ठेवणं अजिबात नाही. एकदा का गंज पुसायला परवानगी दिली की मग तो गाडीचा फोटो राहत नाही, आणि गंजवाल्याला पण वाटतं आपली गाडी दाखवण्यासारखी नाही.
मतांचं म्हणाल तर नाव लपवून काही होत नाही, तुमच्या ग्रुपमध्ये डीएस एकच आहे, लपवणार काय? त्यापेक्षा स्वतःला मत देता येणार नाही एवढं ठेवा आणि मत देताना एक वाक्य लिहायला लावा, हा फोटो का आवडला. नुसता अंगठा दाखवला की मत धरायचं नाही. वाक्य लिहायचं म्हटलं की माणूस गाडीची किंमत विसरून फोटोकडे बघतो, आणि आळशी लोक आपोआप गळतात.

क्रोमवेडा
वा, भारीच! झाकलेली गाडी आणि क्रोममधला मालक दोन्ही फायनल, ठोकळेवाल्याला सांगितलं तर तो आत्ताच ताडपत्री धुवायला निघालाय. आलटून पालटून हे पण पटलं. आता अजून एक, पोरांना चालत्या गाडीचा फोटो पण हवाय. ते मोबाइलवर जमतं का? मी बघितलेत त्यात एकतर गाडी धूसर नाहीतर उभी असल्यासारखी.

थर्डगिअर
जमतं. त्याला पॅनिंग म्हणतात, शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं तो, १/३० ते १/६० सेकंद ठेवायचा आणि गाडी जाते तसा कॅमेरा तिच्याबरोबर कमरेतून वळवायचा, गाडी स्पष्ट येते आणि मागचं सगळं ओढल्यासारखं होतं. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर बदलता येतो, तो नसेल तर वेगळं ॲप मिळतं. गाडी सुसाट हवीच असं नाही, ३०-४० च्या वेगाला पण छान येतं, उलट जुन्या गाड्यांना तोच वेग शोभतो. भरपूर वाया जातील, एक लागेल. रिकामी जागा बघा, काढणारा रस्त्याच्या बाहेर उभा राहील आणि चालवणाऱ्याच्या हातात मोबाइल नसेल हे नियमातच लिहून टाका.
गंमत म्हणजे बिघडलेला पॅनिंगचा फोटो पण अजरामर होऊ शकतो. जाक आन्री लार्तिग या फ्रेंच फोटोग्राफरने शंभरेक वर्षांपूर्वी रेसिंग कारचा एक फोटो काढला, त्यात चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागची माणसं उलट्या बाजूला कललीत. कारण त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट, ज्या काचेवर फोटो उमटायचा तिच्यावरून हळूहळू सरकायची आणि तो कॅमेरा पण फिरवत होता. पण वेग दाखवावा तर असा! मोबाइलचा सेन्सर पण ओळीओळीने वाचतो, त्यामुळे जवळून जाणारी गाडी तिरकी येते. तिरका फोटो आला म्हणून लगेच डिलीट मारू नका.
अजून दोन विषय देतो. एक, "कोपऱ्यातली गाडी". १९५९ ची बीटलची ती प्रसिद्ध जाहिरात आठवा, जवळजवळ सगळं पान कोरं आणि वर कोपऱ्यात एवढीशी गाडी. फोटोत गाडी अंगठ्याएवढी ठेवून पण नजर तिच्याकडेच गेली पाहिजे, वाटतं तितकं सोपं नाही. दुसरा, "उठली-बसली", एकाच जागेवरून दोन फोटो. इथे डीएसवाला सगळ्यांना खाऊन टाकणार, कारण तिचं सस्पेन्शन तेल आणि वायूवर चालतं, उभी केली की काही वेळाने खाली बसते आणि इंजिन सुरू केलं की उठते. बाकीच्यांनी बॉनेट बंद-उघडा, टप लावलेला-काढलेला असं काहीतरी शोधावं.

पन्नासएमएम
डीएसवाल्याने उठतानाचा फोटो काढताना गाडीखाली हातपाय घालू नयेत, सांगून ठेवा त्याला.

डिकीतलाजॅक
सगळं मस्त, फक्त एक राहिलं. फोटो ग्रुपबाहेर जाणार असतील तर नंबर प्लेट झाका, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद करा, कारण फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते साठवलं जातं आणि घरी उभ्या गाडीचा फोटो असेल तर गाडी कुठे असते हे आपणच सांगून बसतो. तुकडा दाखवायच्या आठवड्यात कुणीतरी हौसेने चेसिस नंबरची पट्टी टाकेल बघा, दिसते पण छान, तरी आकडे झाकायला लावा. काही ॲप पाठवताना लोकेशन काढून टाकतात पण फाइल म्हणून पाठवलं तर ते तसंच जातं. आणि हो, ताडपत्री धुतली असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय गाडीवर टाकू नका म्हणावं, खाली ओल अडकली की रंगाला फोड येतात.