पितळी स्टीमपंक गॉगल: नळी घ्यावी की पत्रा वळवावा, आणि लेथशिवाय काच कशी अडकवावी?

वाफेचा_भोंगा

५० मिमी गोल काचा धरून स्टीमपंक (वाफेच्या यंत्रांच्या जमान्याची नक्कल करणाऱ्या शैलीचा) गॉगल करायला घेतोय. डोळ्यांच्या वाट्या खऱ्या पितळेच्या, मागची किनार आणि पट्टा चामड्याचा. प्लास्टिकला सोनेरी रंग मारलेला प्रकार नको. लेथ नाही. हाताशी सोनारी करवत, कानशी, गॅस टॉर्च, व्हाइस आणि ०.८ मिमीचा ७०/३० (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) पितळी पत्रा आहे. तयार नळी मिळतेय ती १.५ मिमी जाडीची.

नळी घेऊ की पत्रा वळवू? आटे पाडता येणार नाहीत, तर काच काढता-घालता येईल अशी कशी बसवायची? आणि शेवटी अमोनियाच्या वाफेवर जुनाट रंग द्यायचाय, तो चामडं लावायच्या आधी की नंतर?

कानसवाला

पत्राच वळवा. ५४ मिमी व्यासाची, १.५ मिमी जाडीची, ३० मिमी लांबीची एक नळी ६० ग्रॅमच्या वर भरते. ०.८ च्या पत्र्यातली तेवढीच वाटी ३२-३३ ग्रॅम. दोन्ही वाट्यांचं ओझं नाकावरच येणार, त्यामुळे हा फरक अर्ध्या तासात कळतो.

पट्टीची लांबी काढताना आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४१६. काच ५० ची असेल तर आतला व्यास ५०.३ ठेवा, म्हणजे पट्टी १६०.५ मिमी. लांबी एक मिलिमीटर चुकली तर व्यास ०.३ ने चुकतो, म्हणून जरा लांब कापून कानशीने उतरवत न्या.

हाफ-हार्ड (कारखान्यातूनच अर्धवट कडक आलेला) पत्रा तसाच वळवू नका, टोकं सरळच राहतात आणि वाटी थेंबाच्या आकाराची होते. आधी अंधाऱ्या जागेत जेमतेम लाली दिसेपर्यंत तापवून नरम करा. लाल असताना चिमट्याने उचलू-वाकवू नका, पितळ त्या अवस्थेत ठिसूळ असतं. लाली गेली की पाण्यात टाकलं तरी चालतं. लेथवर कातायला बनवलेल्या शिसेयुक्त पितळेचा पत्रा मात्र घेऊ नका, तो थंड वळवताना कडेला फाटतो.

सांध्याच्या दोन्ही कडा बिनफटीच्या भिडल्या पाहिजेत. चांदीचा डाख ०.०५ ते ०.१ मिमीच्या फटीत आपोआप ओढला जातो, मोठी फट तो भरत नाही. ज्योत डाखावर नको, पत्र्यावर हवी, आणि दोन्ही बाजू सारख्या तापल्या पाहिजेत, कारण डाख जास्त गरम बाजूकडे धावतो. पांढरा धूर दिसला की जस्त जळतंय. तिथेच थांबा, दारं-खिडक्या उघड्या असू द्या, आणि कॅडमियम असलेला डाख मुळात घेऊच नका.

आता काच. आट्यांची गरज नाही. १.२ मिमी जाड, ५ मिमी रुंद पट्टीची कडी करून वाटीच्या आत, पुढच्या तोंडापासून ४ मिमी मागे डाखाने बसवा. काच तिच्यावर टेकेल. वाटीचा सांधा हार्ड (जास्त तापमानाला वितळणाऱ्या) डाखाने आणि ही कडी ५५ टक्के चांदीच्या डाखाने करा. तो ६३० ते ६६० अंशांना वितळतो, त्यामुळे पहिला सांधा उकलत नाही. इथे फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवून डाख वाहू देणारा पदार्थ) म्हणून टाकणखार उपयोगाचा नाही, तो ७४० च्या आसपास वितळतो, डाख त्याच्या आधीच वाहायला लागतो. चांदीच्या डाखासाठी मिळणारा फ्लोराइडचा फ्लक्स घ्या.

पुढून टोपण: आतला व्यास ५२.१, म्हणजे १६६.२ मिमीची पट्टी, आणि तिच्या तोंडावर ४६ मिमी भोकाची चकती डाखाने. टोपणाच्या बाजूने १२० अंशांवर तीन एम-२ (२ मिमी व्यासाचे) स्क्रू. टोपणात भोक २.२ चं. वाटीत १.६ चं भोक पाडून टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवा, पण ते त्या आतल्या कडीवर येईल असंच आखा. नुसत्या ०.८ पत्र्यात एम-२ चे दोनच आटे बसतात आणि लगेच झिजतात. कडी धरून २ मिमी जाडी मिळते, म्हणजे पाच आटे. स्क्रूचं टोक आत डोकावलं तर कानशीने सपाट करा, पलीकडे डोळा आहे.

पितळात ड्रिल एकदम ओढलं जातं आणि पातळ पत्रा गरगर फिरतो. ड्रिलची धार दगडावर जराशी बोथट करून घ्या.

टोच्या_दोरा

सगळ्यात आधी डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजा. प्रौढांमध्ये ते साधारण ५४ ते ७४ मिमी असतं. वरच्या मापाने टोपणाचा बाहेरचा व्यास ५३.७ होतो. अंतर ६३ असेल तर नाकापाशी फक्त ९ मिमी मोकळे राहतात. अंतर ५५-५६ असेल तर टोपणं जवळजवळ एकमेकांना टेकतात, तिथे काच ४५ ची घ्यावी लागेल. स्क्रू, दातेरी चक्रं, कसलीही नक्षी नाकाच्या बाजूला ठेवू नका. आणि मधला जोड बिजागरीचा करण्यापेक्षा १५ मिमी रुंद चामड्याची पट्टी दोन रिवेटांवर लावा, ती चेहऱ्याप्रमाणे वळते.

वाटीची मागची कड सरळ ठेवली तर गॉगल कानशिलाकडे उघडा राहतो. नाकाकडे १४ मिमी आणि कानशिलाकडे ३० मिमी खोली धरा. कागदाची पट्टी वाटीभोवती गुंडाळायची, तिचे आठ सारखे भाग करायचे आणि नाकापासून सुरुवात करून उंची अशी मांडायची: १४, १६.३, २२, २७.७, ३०, २७.७, २२, १६.३, १४. बिंदू हाताने गोलाईत जोडले की करवतीची रेघ तयार. हा काप वळवल्यानंतर आणि डाख दिल्यानंतरच घ्या. आधी कापलेली कमी-जास्त रुंदीची पट्टी वळताना शंकूसारखी तिरकी जाते. डाखाचा सांधा नाकाच्या बाजूला येऊ द्या, तो झाकला जातो. दोन्ही वाट्या एकाच नमुन्याने कापता येतात. डावी-उजवी ठरते ती पट्ट्याच्या कडीची आणि स्क्रूंची जागा आखताना.

चामड्यासाठी कडेपासून ४ मिमी आत, ४ मिमी अंतरावर १.२ ची भोकं, एका वाटीला साधारण ४०. प्रत्येक भोकाची धार ३ मिमी ड्रिल हाताने फिरवून दोन्ही बाजूंनी मोडा. हे कंटाळवाणं काम टाळलं तर पितळ दोरा कापतं, आणि तोही शिवण पूर्ण झाल्यावर, पट्टा ताणताना. मेण लावलेला लिननचा दोरा, दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून. बाहेरची पट्टी १.२ मिमीच्या, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची, कोमट पाण्यात भिजवून वाटीवरच आकार द्या आणि रात्रभर वाळू द्या. चेहऱ्याला लागणारं अस्तर मऊ बकरीच्या कातड्याचं, ०.८ मिमी. उघडं पितळ घामाने त्वचेवर हिरवं उतरतं.

तसंच चामड्यातली आम्लं आणि तेलं पितळाला हिरवा कळंक चढवतात, सगळ्यात आधी रिवेटांभोवती. जिथे जिथे चामडं टेकणार तिथे लॅकरचे दोन पातळ हात द्या. म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आधी रंग, मग लॅकर, मग चामडं.

ताव_आणि_तडा

अमोनियाबद्दल सावध राहा. जस्त जास्त असलेलं पितळ, आत अडकलेला ताण आणि दमट अमोनिया ही तिन्ही एकत्र आली की पितळ तडकतं, तेही वरून धक्का न लागता. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं अशीच फुटत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्यामागचं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं. ७०/३० हे काडतुसांचंच पितळ.

तुमच्या वाटीत ताण येतो तो डाखानंतर. डाख देताना पत्रा पूर्ण नरम होतो, मग ती गोल करायला लाकडी साच्यावर मोगरीने ठोकता आणि ताण पुन्हा भरतो. म्हणून क्रम असा: डाख, सफाई, ठोकून गोल करणं, भोकं-टॅप, मग ओव्हनमध्ये २५० अंशांना एक तास, आणि त्यानंतरच अमोनिया. या तापमानाला पितळ मऊ पडत नाही, ताण मात्र बराच उतरतो. कुठे कथिलाचा मऊ डाख वापरला असेल तर तो ओव्हनमध्ये वितळेल.

सफाई कोमट सायट्रिक ॲसिडमध्ये, लिटरला ५० ग्रॅम. लोखंडी तार किंवा चिमटा त्यात जाऊ देऊ नका, पितळावर तांब्याचा गुलाबी थर बसतो. बसलाच तर त्याच द्रावणात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मिनिट-दोन मिनिटं बुडवा. रंग देण्याआधी सगळं तेल काढा, बोटाचा ठसासुद्धा रंगात उमटतो. बंद डब्यात तळाला अमोनिया, वर वाटी टांगलेली, द्रावणाला न टेकता. लिव्हर ऑफ सल्फर (धातू काळपट करणारं गंधकाचं रसायन) मागवू नका, ते चांदी-तांब्यावर छान चालतं, पितळावर नीट धरत नाही.

वाफेचा_भोंगा

क्रम कळला. आता काच कुठली घेऊ? वेल्डिंगच्या ५० मिमी गडद काचा सहज मिळतात. आणि स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) लावला तर चालेल का?

कानसवाला

वेल्डिंगच्या काचेची ५ नंबर शेड (गडदपणाचा क्रमांक) जेमतेम २ टक्के उजेड आत सोडते. फोटोपुरती ठीक, घालून जिना उतरायचा असेल तर नको. २ मिमी पॉलिकार्बोनेट घ्या, हवा तर हलक्या रंगाचा. साधी काच फुटली तर तुकडे डोळ्यातच जातात. चकती ४९.७ ची करा, उन्हात पॉलिकार्बोनेट पितळापेक्षा तिपटीहून जास्त पसरतं, घट्ट बसवली तर फुगून वाकते. टोपण आणि काच यांच्यात पातळ चामड्याची कडी घातली की खडखड थांबते.

थ्रेडलॉकर अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक चिरा पडतात. सुपरग्लूही जवळपास नको, त्याच्या वाफेने काच आतून दुधाळ होते. स्क्रूच्या आट्यांना मेण फासा, पुरतं.

टोच्या_दोरा

वाफ धरण्याचं कुणीच बोललं नाही. मागून चामडं बंद झालं की पाच मिनिटांत काच धुरकट. प्रत्येक वाटीला वर चार आणि खाली चार, २.५ मिमीची भोकं पाडा, आतून बारीक पितळी जाळी. ही भोकं ओव्हनच्या आधी, बाकीच्या भोकांबरोबरच पाडून घ्या. नंतर पाडायला गेलात तर रंग खरवडला जातो.