बायपासनंतर सात आठवडे: अण्णांना किती चालू द्यावे आणि काय खाऊ घालावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या सासऱ्यांची (वय ६३, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) बायपास शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झाले. तीन ग्राफ्ट (तुंबलेल्या भागाला वळसा घालणारे रक्तवाहिनीचे तुकडे) घातले आहेत. एक छातीतल्या धमनीचा आणि दोन डाव्या पायातील शिरेचे. मधुमेह आठ वर्षांपासून आहे. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक आला, जखम सुकली आहे आणि डॉक्टरांनी ‘आता हळूहळू सगळे सुरू करा’ असे सांगून पुढची तारीख दिली. हे ‘हळूहळू’ म्हणजे नेमके किती, यावरून आमच्याकडे रोज वाद होतो.

सासूबाई त्यांना पलंगावरून उठू देत नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. तूप-तेल पूर्ण बंद केले आहे. दोन्ही वेळा मुगाची मऊ खिचडी आणि तोंडाला चव नाही म्हणून सोबत पापड व लिंबाचे लोणचे. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून जातो. कोणी अर्जुनसालीचा काढा, कोणी कपालभाती. अण्णांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ‘नवे पाइप बसवलेत, आता वीस वर्षे बघायला नको’ असे ते म्हणतात आणि आषाढीला आळंदीपासून पायी जायचेच, असा हट्ट धरून बसले आहेत. करोनाची दोन वर्षे सोडली तर त्यांची वारी कधी चुकलेली नाही.

त्यातल्या त्यात चांगले म्हणजे, चाळीस वर्षांची तंबाखू रुग्णालयात सुटली ती सुटलीच. आता फक्त सकाळी दात घासायला मशेरी लावतात.

चालणे किती असावे, आहार कसा असावा आणि वारीचे काय सांगावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

फिजिओ_सातारा

मी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाचे काम करते. अण्णांना मी तपासलेले नाही, त्यामुळे खालील गोष्टी त्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच अमलात आणाव्यात.

प्रथम मशेरीबद्दल, कारण तुम्ही ती ‘फक्त’ म्हणून शेवटी लिहिली आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. तूप बंद करून मशेरी चालू ठेवणारी घरे मी इतकी पाहिली आहेत की आता रुग्णाला ‘तंबाखू खाता का?’ असे न विचारता ‘दात कशाने घासता?’ असेच विचारते. ती आजच थांबवावी. तलफ अनावर झाली तर डॉक्टरांना सांगावे, त्यासाठी औषधे मिळतात.

आता पलंगाविषयी. छातीचे मधले हाड कापून तारांनी बांधलेले असते. ते सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी जुळते, पण पूर्ण बळकट व्हायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणून तोपर्यंत पाण्याची बादली किंवा गॅसची टाकी उचलणे, नातवाला कडेवर घेणे, दोन्ही हातांवर भार देऊन जमिनीवरून उठणे आणि दुचाकी चालवणे टाळावे. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरावी. कपालभातीचे झटके या काळात नकोतच. मात्र हे सगळे नियम हाडासाठी आहेत, पायांना कोणतीही बंदी नाही. नुसते पडून राहिल्याने स्नायू गळतात, फुफ्फुसाचा तळ नीट फुलत नाही आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तीन छोट्या चेंडूंचे श्वासाचे यंत्र दिले असेल तर तेही वापरावे आणि त्यात फुंकायचे नसून श्वास आत ओढायचा असतो, हे एकदा बघून घ्यावे. निम्मे लोक ते उलटे करतात.

सात आठवडे पडून असलेल्या माणसाने सपाट रस्त्यावर १० मिनिटे, दिवसातून दोनदा, इतक्यापासून सुरुवात करावी आणि त्रास नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटे वाढवावीत. आठवड्यातून पाच दिवस सलग ३० मिनिटे, हे पहिले उद्दिष्ट. सध्याचे ऊन पाहता सकाळी आठच्या आत चालावे, जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्यावा आणि मधुमेह असल्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी. वेगासाठी मनगटी घड्याळातल्या नाडीवर विसंबू नये, कारण मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर श्रम होऊनही नाडी फारशी वाढत नाही. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी सोपी. चालता चालता बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले तर वेग जास्त आहे आणि पूर्ण अभंग आरामात म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही.

छातीत हाड ‘कट्कट्’ वाजणे, जखमेतून स्राव, ताप, आडवे झाल्यावर धाप लागणे, छाती अनियमित धडधडणे किंवा एक-दोन दिवसांत वजन एक-दीड किलोने वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्यासाठी रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करून कॅलेंडरवर लिहावे.

वाखरीचा_मुक्काम

माझी बायपास नऊ वर्षांपूर्वी झाली आणि मीही वारकरी असल्याने अण्णांचे दुःख समजू शकतो. पण स्पष्ट लिहितो: यंदा आळंदीपासून नको. सुमारे अडीचशे किलोमीटर, दिवसाला कधी २०, कधी त्याहून जास्त, दिवे घाटाची चढण, पावसात भिजलेले कपडे, तंबूतली अपुरी झोप आणि वाटेत मिळेल ते जेवण. यात गोळ्यांच्या वेळा आणि साखर सांभाळणे धडधाकट मधुमेह्यालाही जड जाते. पहिल्या वर्षी मी गावातल्या मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठाला पायी गेलो, तेवढेच. पुढच्या वर्षी ताणचाचणी (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) करून, डॉक्टरांच्या परवानगीने तीन टप्पे चाललो.

‘नवे पाइप’ ही समजूत मात्र मोडून काढा. मला सर्जननेच समजावले होते की छातीतल्या धमनीचा ग्राफ्ट बहुधा वर्षानुवर्षे चालतो, पण पायातली शीर तितकी टिकत नाही आणि ज्या आजाराने मूळ रक्तवाहिन्या तुंबल्या, तोच आजार तिलाही गाठतो. त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून बंद करायची नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती केली होती आणि दोन वर्षांनी त्यांना पुन्हा अँजिओग्राफीच्या टेबलावर जावे लागले.

आणखी एक गोष्ट, जी आम्हा पुरुषांना सांगायला लाज वाटते. पहिले दोन-तीन महिने मी मालिका बघतानाही रडत असे, रात्री झोप लागत नसे आणि घरच्यांवर विनाकारण चिडत असे. हे पुष्कळांना होते, बहुतेकांचे ओसरते. ओसरले नाही तर तो आजार मानून उपचार घ्यावेत. अण्णांचा हट्ट हा नुसता हट्ट आहे की घरात कोंडल्याचा राग, हेही पाहा.

आहारतज्ज्ञ_मिरज

खिचडी वाईट नाही, पण सात आठवडे तीच दिली तर प्रथिने अपुरी पडतात आणि जखम व स्नायू दोन्ही रखडतात. घट्ट वरण, मटकीची किंवा मुगाची उसळ, घरचे दही, चालत असेल तर अंडे किंवा भाजलेला मासा, ज्वारीची भाकरी आणि भरपूर भाजी असा साधा मराठी जेवणाचाच बेत हवा. चमचाभर तेलाच्या फोडणीने काही बिघडत नाही. घरात सरासरी माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरले म्हणजे झाले.

खरा शत्रू ताटाच्या डाव्या बाजूला बसला आहे. दिवसभराचे सगळे मीठ मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यातला मोठा वाटा पापड-लोणचेच खाऊन टाकतात. चवीसाठी लिंबू, आमसूल, जिरे, लसूण, कोथिंबीर वापरा. सैंधव हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर ते न विचारता आणू नका. अर्जुनसालीचा काढाही सुरू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय नको. एकादशीला साबुदाणा खाऊन मधुमेहाच्या गोळ्यांचा अंदाज चुकतो, तेव्हा उपवास निदान या वर्षी सोडावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. सासूबाईंना हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. पापडाचा डबा माळ्यावर गेला. मशेरीवरून बरीच बोलाचाली झाली, पण आज सकाळी अण्णांनी कडुनिंबाची काडी घेतली. अंगणात १० मिनिटे चालले, सासूबाई मागे खुर्ची घेऊन. चालल्यावर डावा पाय घोट्यापाशी सुजलेला दिसला. काळजीचे आहे का?

फिजिओ_सातारा

त्याच पायातून शीर काढली आहे ना? मग संध्याकाळपर्यंत थोडी सूज काही आठवडे, कधी महिने राहू शकते. बसताना पाय लोंबकळत ठेवू नये, झोपताना पोटरीखाली दोन उशा द्याव्यात आणि लवचिक मोजा दिला असेल तर तो सकाळी उठण्यापूर्वी घालावा. पोटरी गरम, लाल किंवा दुखरी झाली, किंवा उजवा पायही सुजून वजन वाढले, तर त्याच दिवशी फोन करा. खुर्ची चालेल, फक्त सासूबाईंना सांगा, ती दर दोन मिनिटांनी पुढे करू नये.