मदत हवी आहे: मढच्या आवारातला जुना कॅम्पिंग ट्रेलर टोचन लावून न्यावा की उचलून?

मार्वेकर:

नमस्कार मंडळी. जरा घाईची मदत हवी आहे.

मढला आमच्या एका स्नेह्यांच्या बंगल्याच्या आवारात, चिकूच्या झाडाखाली, एक जुना विलायती कॅम्पिंग ट्रेलर उभा आहे. गाडीमागे जोडून न्यायची चाकावरची खोलीच म्हणा ना. दोन बाक, मधे टेबल, रात्री तेच टेबल खाली पाडून पलंग, कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि एक इवलंसं सिंक. पुढच्या पत्र्यावर 'स्प्राइट' हे नाव अजून वाचता येतं. मॉडेलची पाटी मात्र गंजून गेली आहे.

हे स्नेही, म्हणजे काका, सांगतात की सत्तरच्या दशकात एक इंग्रज जोडपं इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असं जमिनीवरून गाडी हाकत मुंबईला आलं. ट्रेलर काकांच्या वडिलांकडे ठेवून ते विमानाने परत गेलं आणि न्यायला कुणी फिरकलं नाही. पुढे त्यात नारळ ठेवले गेले, मग जुनी वर्तमानपत्रं, मग मांजरींची बाळंतपणं. आता जागा विकसकाकडे चालली आहे आणि पावसाळ्याआधी आवार मोकळं करायचं आहे. काका म्हणाले, "तू ने, नाहीतर भंगारवाला नेईल." भंगारवाला ॲल्युमिनियमचा भाव सांगून दोनदा फाटकावर येऊन गेलाय.

माझ्या सासऱ्यांची कर्जतजवळ जागा आहे, तिथे शेड आहे. तिथवर न्यायचा, सावकाश दुरुस्त करायचा आणि मग बायको-मुलीला घेऊन कोकणात फिरायचं, असा बेत. गाडी डिझेल एसयूव्ही आहे, पण तिच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याचा आकडाच दिलेला नाही.

तब्येत सांगतो. बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, लांबून बरा दिसतो. जवळ गेलं की प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग. मागच्या खिडकीखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर येताना ओला भुसा घेऊन आला. एका बाजूला वाळवीची मातीही दिसते. छताला डाग आहेत, पण दार अजून नीट लागतं. टायर जमिनीला चिकटल्यासारखे, डावं चाक जॅक लावूनही फिरत नाही. कागद म्हणाल तर एक चिटोरं नाही.

एका गॅरेजवाल्याने "चाकं मोकळी करतो, हुक वेल्ड करून देतो, रात्री हळूहळू टोचन लावून नेऊ" असं सांगितलंय आणि आगाऊ पैसे मागितलेत. खर्च कमी आहे, म्हणून मन तिकडे ओढतंय. हे करावं का? की क्रेन बोलवावी? आणि मुळात हा डबा मुंबईच्या रस्त्यावर कायदेशीररीत्या कधी धावू शकेल का, की दुरुस्तीचा खर्च नुसत्या हौसेखातर?

जुनीजीप:

आधी हे करा: गॅरेजवाल्याला आगाऊ एक रुपया देऊ नका.

इतकी वर्षं एका जागी उभ्या ट्रेलरचं बेरिंग, ब्रेक, टायर, काही म्हणता काही भरवशाचं नसतं. जाम झालेलं चाक हातोड्याने मोकळं केलं की ते फिरतं, पण आतल्या बेरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे तसेच राहतात. मालवणीपर्यंत हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापेल, घोडबंदरच्या आधी चाक तुम्हाला ओव्हरटेक करून पुढे जाईल. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तुमच्या टायरवर तो सापडणारही नाही, कारण ते त्या पद्धतीच्या आधीचे असणार.

हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, बोलवा आणि फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवा. पट्टे चासीखाली, म्हणजे तळाच्या लोखंडी सांगाड्याखाली, एक्सलच्या जवळ टाकायला सांगा. पत्र्याभोवती पट्टा आवळून उचलला तर कुजलेली लाकडी चौकट तिथेच बसेल आणि भंगारवाल्याचं काम सोपं होईल. उचलण्याआधी आतून तिरक्या फळ्या ठोकून दारं-खिडक्यांचे कोपरे बांधून घ्या.

फ्लॅटबेडची उंची अधिक डब्याची उंची मोजा. मढकडून येताना केबलच्या वायरी किती खाली लोंबतात ते ठाऊक असेलच. एक माणूस लाकडी बांबू घेऊन पुढे ठेवा. शहरात गर्दीच्या वेळी जड गाड्यांना बंदी असते, त्यामुळे रात्रीच निघा.

चाळीतलाफिटर:

जीपवाल्यांशी सहमत. फक्त टायर फुकट घालवू नका, शेडमध्ये कुंडी करायला बरे पडतील.

कागदकाका:

मार्वेकर, तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे, म्हणून त्याचंच उत्तर देतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे आणि कलम ३९ मुळे नोंदणीशिवाय ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. रात्री हळूहळू नेलं तरी कायदा झोपत नाही. फ्लॅटबेडवर असेल तेव्हा तो माल, आणि टोचन लावलं की वाहन. म्हणून वरचा सल्ला कागदाच्या बाजूनेही बरोबर आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न नोंदणीचा विचारेल.

खाजगी वापराचा कॅम्पर ट्रेलर आपल्या कायद्याला अगदीच अनोळखी नाही. २००४ च्या केंद्राच्या अधिसूचनेत तो बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. म्हणजे वर्ग आहे, अडचण तुमच्या डब्याच्या जन्मदाखल्याची आहे. परदेशी पाहुणे त्या काळी गाड्या 'कार्ने' नावाच्या हमीपत्रावर आणत. ते तात्पुरत्या आयातीचं कागदपत्र, गाडी परत नेली नाही तर सीमाशुल्क देणं लागतं. तुमचा डबा तसा आला असेल, तर आरटीओ आयातीचा आणि शुल्काचा पुरावा मागणार. त्यामुळे पहिलं काम आरटीओत नाही, काकांच्या कपाटात आहे. त्या जोडप्याचं एखादं पत्र, कस्टमची पावती, जुना फोटो ज्यात नंबरप्लेट दिसते, काहीही शोधा. चासीवर ठोकलेला नंबर खडूने घासून फोटो काढून ठेवा. मग सीमाशुल्काचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा फी देऊन विचारा. फुकटच्या सल्ल्यावर, म्हणजे माझ्याही, पैसे लावू नका.

आणखी एक. कुणीतरी तुम्हाला 'विंटेज नोंदणी करून टाका' असं सांगेलच. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण ते नियम दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत. तुमच्या डब्याला दोन चाकं आहेत म्हणून तो दुचाकी होत नाही! शिवाय त्या नंबरवर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. कोकण दौरा त्यात बसत नाही.

मार्वेकर:

कागदकाका, दुचाकीवरून घरात हशा पिकला. कपाट शोधायला काकूंना लावलंय. गॅरेजवाल्याला नाही म्हणून टाकलं.

फ्लॅटबेड पक्का. आता दुरुस्तीचं सांगा. आतला सनमायका काढून नवीन प्लाय मारला आणि बाहेरून फटींत सिलिकॉन भरलं तर निभेल का?

पत्रेवाली:

नाही निभणार. मी बोटींचं काम करते, ट्रेलरचं नाही, पण रोग तोच आहे.

ॲल्युमिनियम, त्यात लोखंडी स्क्रू आणि मढची खारी हवा. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तीच तुमची पांढरी भुकटी. भोक मोठं होतं, स्क्रू ढिला पडतो, पाणी आतल्या लाकडात उतरतं. त्यामुळे कुजणं नेहमी खिडकीखाली, कोपऱ्यात आणि बाहेरच्या पट्ट्यांच्या स्क्रूंमागे सुरू होतं. आतून नवा प्लाय मारला की तो रोग झाकला जातो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नवा प्लायही फुगतो.

काम बाहेरून आत करायचं. एका वेळी एकच बाजू उघडा, सगळी नको, नाहीतर डब्याचा आकार हलतो. पट्ट्या काढा, पत्रा सोडवा, जुनं लाकूड तुटलं तरी फेकू नका, त्याचाच नमुना ठेवून सुताराकडून नवी चौकट करून घ्या. दारूखाना नावाच्या जहाजभंगाराच्या बाजारात जहाजातून निघालेलं जुनं सागवान मिळतं, ओलावा कधीच निघून गेलेला असतो. बघून, ठोकून, कीड तपासून घ्या. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय. पत्र्याचा तुकडा बदलायचा असेल तर गुलालवाडीच्या धातुबाजारात जा आणि जुना तुकडा बरोबर न्या, जाडी तिथेच मोजून देतात.

सिलिकॉन तर मुळीच नको. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲल्युमिनियमला लागतं, आणि एकदा लागलेल्या सिलिकॉनवर नंतर रंगही धरत नाही नि फटी भरायचा दुसरा मसालाही. सांध्यात ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी मसाल्याची पट्टी, घाला, स्क्रू स्टेनलेस घ्या आणि प्रत्येकाच्या डोक्याखाली तोच मसाला. कडेने बाहेर आलेला मसाला लगेच कापू नका, दोन-तीन उन्हं खाऊ द्या.

शेगडीच्या किंवा हीटरच्या मागे राखाडी, ठिसूळ बोर्ड दिसला तर त्याला करवत लावू नका. त्या काळी तिथे ॲस्बेस्टॉस वापरत. सुताराला हे आधीच सांगा, तो बिचारा तोंडाला रुमाल बांधून कापायला बसेल आणि रुमालाने काही होत नाही.

गॅसची सगळी जुनी नळी काढून टाका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तळाशी झरोका हवाच. इंग्रजांनी ठेवलेला असेल, मांजरींच्या भीतीने कुणी बुजवला असेल तर उघडा.

जुनीजीप:

ताईंनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. हब उघडल्यावर बेरिंग डिझेलने धुवा, रिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो. तो घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा. इंची मापाचं असलं तरी घाबरू नका, नंबर जुळला की मिळतं. ग्रीस सील नवीन घालाच.

जोडणीचा गोळा, म्हणजे गाडीमागचा ज्यावर ट्रेलरचा कप बसतो तो, व्हर्नियरने मोजा, नजरेने नको. जुना २ इंची म्हणजे ५०.८ मिमी, हल्लीचा ५०. कप दोन इंची आणि गोळा ५० चा असेल तर तो बसल्यासारखा वाटतो, पण खड्ड्यात आदळला की उडू शकतो. मुंबईत खड्डे शोधावे लागत नाहीत.

त्या काळच्या डब्यांना बहुधा धक्क्यावर चालणारा ब्रेक असतो. गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, जोडणी आत सरकते, सळई ब्रेक ओढते. गंमत अशी की रिव्हर्स घेतानाही जोडणी आत सरकते आणि ब्रेक लागतो. म्हणून जुन्या जोडणीवर एक खटका असतो, तो उतरून हाताने पाडायचा, मगच मागे घ्यायचं. हे माहीत नसलं की लोक क्लच जाळतात.

वजन: रिकामा आणि भरलेला, दोन्ही वेळा वजनकाट्यावर घाला. इंग्लंडकडचे लोक भरलेला डबा गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवतात, आणि त्यातलं ५ ते ७ टक्के वजन गोळ्यावर. तुमचा ८०० किलो भरला तर ४० ते ५६ किलो. जोडणीखाली लाकडाचा तुकडा आणि घरचा वजनकाटा ठेवून मोजता येतं. मागे सामान जास्त झालं तर डबा शेपटी हलवायला लागतो. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. पण तुमच्या गाडीला कंपनीने आकडाच दिलेला नाही ना? मग आधी कंपनीकडून लेखी घ्या. नाही म्हणाले तर दुसरी गाडी शोधा, हुक वेल्ड करणारा नव्हे.

कागदकाका:

आणि नोंदणी झालीच तर ध्यानात ठेवा, कलम ६१ प्रमाणे ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसायला लागतो. लोक हे विसरतात आणि नाक्यावर वाद घालतात.

मार्वेकर:

सगळ्यांचे आभार. काकूंना एका मासिकात खोचलेला फोटो सापडला. ट्रेलर, पुढे स्टेशन वॅगन आणि दोघं चहा पिताना. नंबरप्लेटचे शेवटचे तीन आकडे वाचता येतायत, पुढचे काकांच्या वडिलांच्या खांद्याआड. स्कॅन करून वकिलांकडे देतोय.

ठरवलं असं: हायड्रा-फ्लॅटबेडने कर्जत, या पावसाळ्यात शेडखाली एकच बाजू, मागची, कारण तीच सर्वात कुजलेली. चाकं नवीन बेरिंगवर, पण फक्त आवारात हलवण्यापुरती. मुलीला कोकणाचं वचन दिलं होतं, ते सध्या एसटीने पाळू.

पत्रेवाली ताई, दारूखान्यात सागवान बघायला सोबत याल का? मला ठोकून काय ऐकायचं तेच कळत नाही.

पत्रेवाली:

येईन. सकाळी लवकर चला, दुपारी तिथे उभं राहवत नाही. चौकटीची मापं लिहून आणा, जाडीसकट. "अंदाजे" म्हणालात तर मी परत फिरेन.