जुन्या ऑनलाइन गेममध्ये अजून माणसं आहेत का? तुमचा अनुभव सांगा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं, "अमुक गेम अजून जिवंत आहे का? आता घेतला तर कुणी खेळायला मिळेल?" मग दुसरं कुणीतरी स्टीमवरचा (जिथून गेम विकत घेऊन खेळतात ते ऑनलाइन दुकान) खेळाडूंचा आकडा आणून चिकटवतं, की विषय संपला. त्या आकड्यावर माझा फार भरवसा नाही. त्यात बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम) असतात, वस्तू मिळाव्यात म्हणून गेम उघडा ठेवून झोपलेले असतात, आणि स्टीमबाहेरून खेळणारे त्यात धरलेलेच नसतात. शिवाय हजारो माणसं जगभर विखुरलेली असली तर तुमच्या वेळेला, बऱ्या पिंगवर (म्हणजे सर्व्हरकडून फार उशीर न होता) मॅच लागेलच असं नाही. उलट तीस-चाळीस जण ठरलेल्या वेळी एकाच सर्व्हरवर जमत असतील तर गेम मजेत चालतो.

म्हणून नुसते आकडे नकोत. निदान दहा वर्षं जुना, तुम्ही स्वतः खेळता तो मल्टिप्लेअर गेम सांगा. मॅच लागते का, सर्व्हर कोण चालवतं, आणि नवा माणूस आला तर त्याचं काय होतं? मला तिसरं सगळ्यात जास्त ऐकायचंय.

सुरुवात मीच करतो. एज ऑफ एम्पायर्स २, राज्य उभारून लढायचा गेम, जन्म १९९९. मधली बरीच वर्षं कंपनीकडून काहीच नवं येत नव्हतं. तेव्हा चाहत्यांनी आपणहून एक मॉड (गेममध्ये स्वतः केलेली भर) केला, आणि २०१३ मध्ये त्याचंच अधिकृत एक्स्पान्शन (कंपनीचा पुरवणी भाग) झालं. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीनंतर तर रँक्ड (रेटिंग वरखाली होतं ती) मॅच शोधायला बसावंच लागत नाही, लगेच लागते. पण नव्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला सुरुवातीलाच १००० रेटिंग मिळतं, आणि तिथे बसलेले लोक वर्षानुवर्षं खेळणारे. पहिल्या काही मॅच सरळ मार खायचा, मग रेटिंग घसरत घसरत आपल्या तोलाच्या लोकांत येऊन पडायचं. हे आधी कुणी सांगत नाही, त्यामुळे बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या मॅचलाच उठून जातात. माझ्या एका प्रतिस्पर्ध्याने मॅच संपल्यावर रेकॉर्डिंग उघडायला लावलं आणि दाखवलं, की रानडुकराला टाउन सेंटरकडे ओढत आणताना माझा व्हिलेजर (गावकरी) अर्ध्या वाटेत मेला आणि तिथून पुढे माझं गणित फिसकटत गेलं. शेवटी चॅटमध्ये ११ टाकून (हा आकडा टाकला की गेममध्ये हसण्याचा आवाज येतो) खदाखदा हसलासुद्धा. पण दाखवलं ना! मी टिकलो तो त्या माणसामुळे.

डस्ट_दोन

काउंटर-स्ट्राइक १.६. त्यानंतर ग्लोबल ऑफेन्सिव्ह आला, २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला, तरी १.६ खेळणारे आहेतच. सर्व्हरची यादी उघडली की भरगच्च दिसते, पण त्यावर जाऊ नका. कितीतरी सर्व्हर खोटे असतात. ३२ पैकी ३१ जागा भरलेल्या दिसतात, आत गेलं की सगळे बॉट, नाहीतर भलत्याच सर्व्हरवर नेऊन सोडतात.

आमचा एक सर्व्हर होता. फक्त डस्ट २ हा एकच नकाशा, चोवीस तास. कोण बी-टनेलमधून धावत येणार, कोण लाँगच्या दारामागे एडब्ल्यूपी (लांब पल्ल्याची स्नायपर बंदूक) घेऊन बसणार, सगळं पाठ. नवा कुणी आला तर त्याला पहिल्या राउंडला कुणीतरी रायफल टाकून द्यायचंच, हा आमच्याकडचा अलिखित नियम. भाडं एकटा ॲडमिन खिशातून भरायचा. त्याला नोकरीतून वेळ मिळेना, एक दिवस सर्व्हर बंद. गेम आजही चालू आहे, खेळणारेही आहेत. पण मला विचाराल तर माझा गेम त्या दिवशी बंद झाला. दुसऱ्या सर्व्हरवर तीच भिंत, तेच दार, पण "आलास का रे" म्हणणारं कुणी नाही.

रॉकेटजंप

क्वेक ३ (१९९९), वेगवान गोळीबाराचा गेम. २००५ मध्ये सोर्स कोड खुला झाला, त्यामुळे हा गेम बंद करणं आता कुणाच्याच हातात नाही. कंपनी राहो न राहो. माणसं मात्र थोडी, आणि जी आहेत ती भयंकर. मेगा हेल्थ ३५ सेकंदांनी परत येतं, आर्मर २५ सेकंदांनी, हे त्यांच्या डोक्यात आपोआप मोजलं जातं. तुम्ही पोहोचता तेव्हा तो तिथे आधीच उभा. नवा माणूस आला की ० विरुद्ध ३०, आणि तो परत दिसत नाही.

वाईट कुणीच वागत नाही, हीच गंमत. सगळे सभ्य, मॅच संपली की जीजी ("गुड गेम") लिहिणार. पण समोरच्याला जरा सावकाश मारावं, एवढं कुणाच्या मनात येत नाही. दार सताड उघडं असूनही घर रिकामं राहू शकतं.

जुना_मेडिक

@रॉकेटजंप, अगदी उलट अनुभव. टीम फोर्ट्रेस २ मध्ये नवखा मेडिक (जखमींना बरं करणारा) म्हणजे लाडका. नेम धरता येत नसला तरी चालतं, जखमी माणसामागे पळत राहा, बस.

आमचा प्रश्न माणसांचा नव्हताच. गेम २००७ चा, २०११ मध्ये फुकट झाला. पुढे काही वर्षांनी कॅज्युअल मॅचमध्ये (कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप लागणाऱ्या साध्या मॅच) स्नायपर बॉट घुसले. दारातून बाहेर पाऊल टाकलं की हेडशॉट. त्यांना काढायला मत टाकावं तर तेच पाच-सहा जण मिळून तुम्हाला बाहेर काढायचे. चॅटमध्ये कचरा, व्हॉइसवर कर्कश आवाज. २०२२ च्या मे महिन्यात लोकांनी एकत्र येऊन हाकाटी केली, थोडी हालचाल झाली, पुन्हा तेच. २०२४ च्या जूनमध्ये दुसऱ्यांदा मोहीम, तीन लाखांच्या वर सह्या. त्यानंतर मात्र बॉटांवर खरोखर कुऱ्हाड चालली आणि आता कॅज्युअल बऱ्यापैकी खेळता येतं.

त्या सगळ्या काळात आम्ही होतो कुठे? कम्युनिटी सर्व्हरवर, म्हणजे खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या. तिथे ॲडमिन जागा असतो, बॉट आला की मिनिटात बाहेर. आकड्यांत तेव्हाही गेम टॉपला होता, हे वर धागाकर्त्यांनी म्हटलंय त्याला माझं अनुमोदन. निम्मे तर माणसं नव्हतीच!

खाणकामगार

ओल्ड स्कूल रूनस्केप. २०१३ मध्ये खेळाडूंचं मत घेऊन जुनी आवृत्ती परत आणली गेली, आणि आजही मोठा बदल करायचा तर आधी मतदान होतं, ७० टक्के मिळाले तरच. त्यामुळे गेम आपला वाटतो, आणि लोकही भांडतात तर मतदानावरून. तुमच्याकडे माणसं नाहीत म्हणून रडतात, आमच्याकडे गर्दी आहे. पण एक गमतीची गोष्ट सांगतो. कितीतरी जण, मी धरून, आयर्नमॅन खेळतात, म्हणजे कुणाशी देवाणघेवाण करायचीच नाही, झाड स्वतः तोडायचं, मासा स्वतः भाजायचा. शेकडो जण एकाच बँकेपुढे उभे, आणि कुणालाच कुणाची गरज नाही. तरी तिथे कुणी नसतं तर मी खेळलो असतो का? नसतो.

अर्धवट

गिल्ड वॉर्स, पहिला, २००५. शहरं ओस. सर्व्हर चालू. हीरो (संगणक चालवतो ते साथीदार) सोबत घेऊन सगळं एकट्याने खेळता येतं म्हणून खेळतो. गिल्डच्या (खेळाडूंच्या गटाच्या) चॅटमध्ये आम्ही तिघे उरलोय आणि तिघांचं झोपेचं वेळापत्रक वेगळं.

पिंग_२५०

सर्व्हर कोणाच्या हातात, यावर सगळं अवलंबून आहे, बाकी चर्चा नंतर. २०१४ च्या मे अखेरीस गेमस्पाय (अनेक गेमांना ऑनलाइन जोडून देणारी सेवा) बंद झालं, तेव्हा ढीगभर गेमांची सर्व्हर-यादीच गेली. पण ज्या गेममध्ये सर्व्हर लोकांना स्वतः उभे करता येत होते, तिथे चाहत्यांनी पर्यायी यादी तयार करून गेम पुन्हा सुरू केले. याउलट द क्रू हा गाड्यांचा गेम बघा. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने गाडी चालवायचीही सोय उरली नाही. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. द क्रूमधली माणसं कमी झाली म्हणून हाकलली हे मला पटत नाही. थोडी असली तरी ती होती.

डस्ट_दोन

@पिंग_२५० यावरून हेलो २ आठवला. तो ज्यावर चालायचा त्या जुन्या एक्सबॉक्स कन्सोलची लाइव्ह (ऑनलाइन खेळायची) सेवा १५ एप्रिल २०१० ला बंद झाली, पण आधीपासून जोडलेले होते त्यांना कुणी बाहेर काढलं नाही. काहींनी कन्सोल बंदच केला नाही. एकेक करून गळत गेले, शेवटचा १० मेपर्यंत टिकला. वेडे लोक. मी असतो तर मीही केलं असतं.

नवीन_आहे

सगळं वाचलं. मी यातलं काहीच खेळलेलो नाही. एक गेम घ्यायचाय, पण रोज रात्री उशिराच वेळ मिळतो. घेण्याआधी काय बघू?

धागाकर्ता

@नवीन_आहे, ज्या वेळी खेळणार त्याच वेळी, तेही रविवार सोडून मधल्या वारी, त्या गेमच्या डिस्कॉर्डवर (खेळाडूंच्या गप्पांच्या ॲपवर) जा. "आता खेळणार का कुणी" अशा चॅनेलमध्ये शेवटचा मेसेज कधीचा आहे ते बघ, आणि त्याला उत्तर आलंय का तेही. नंतर तिथे "मी नवा आहे" एवढंच लिही आणि काय उत्तर येतं बघ. टीम फोर्ट्रेस २ फुकट आहे, तिथून सुरू कर. मेडिक घे. आमचे जुने मेडिक इथेच आहेत, त्यांना विचार कुठल्या सर्व्हरवर असतात.

जुना_मेडिक

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माइक नसला तरी चालेल.