मदत हवी आहे: बाबांना लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटतच नाही

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, राजेंद्रनगरला राहते. बाबांबद्दल विचारायचंय. वय ६९, शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. काही महिने झाले, लघवीला जाऊन आले की पाच मिनिटांत परत उठतात, म्हणतात अजून आहे, निघाली नाही सगळी. आणि गेलं की चार थेंब. धार बारीक झालीये, सुरू व्हायलाच वेळ लागतो, रात्रीचं उठणं तर आहेच. स्वतःहून ते काही बोलले नाहीत हो, सानंदच्या (इथली मराठी नाटकं आणणारी संस्था) नाटकाला यायला नको म्हणायला लागले, जे एकही नाटक सोडायचे नाहीत ते, तेव्हा आईने हळूच सांगितलं की मधेच उठावं लागेल, रांगेतल्या लोकांना त्रास होईल म्हणून टाळतायत. फार वाईट वाटलं ऐकून.

युरोलॉजिस्टना दाखवलंय. लघवीच्या तपासणीत इन्फेक्शन नाही, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ठीक. सोनोग्राफीत प्रोस्टेट (लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी) ३४ ग्रॅम, जायच्या आधी लघवीच्या पिशवीत ६२० एमएल आणि जाऊन आल्यावर १३० एमएल शिल्लक. टॅमसुलोसिन ०.४ (लघवीची वाट सैल करणारी गोळी) रात्री चालू केलीय, धार जरा सुधारली पण ते राहिल्यासारखं वाटणं तसंच आहे.

माझा गोंधळ असा की प्रोस्टेट तर फार मोठी नाही, मग अडतंय कुठे? डॉक्टर म्हणाले की शुगरमुळे पिशवीच्या नसा आणि स्नायू कमजोर होतात, मग पिशवी पूर्ण जोर लावून आकसत नाही, तेही असू शकतं. म्हणजे वाट अरुंद आहे की ढकलणाराच थकलाय, हे कळणार कसं? पुढच्या वेळी युरोफ्लो (धारेची तपासणी) करायचाय. त्यातून कळतं का? घरात कोणाला असं झालं असेल तर प्लीज सांगा, आणि डॉक्टरांना काय काय विचारू तेही.

प्रतिसाद:
ताई, माझ्या सासऱ्यांचं सेम होतं म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे तो ६२० चा आकडा बघा. मोठ्या माणसाची पिशवी साधारण ४००-५०० एमएलची, सोनोग्राफीला पाणी पाजून पाजून थांबवतात, इतकी ताणली की ती नीट आकसत नाही आणि मागे जास्त उरतं. त्यामुळे नेहमीसारखी लागल्यावर जाऊन यायचं आणि लगेच परत मोजायचं, हे डॉक्टरांना विचारा. आमचा आकडा असाच निम्म्यावर आला होता. साधारण ५० च्या आत उरलं तर चांगलंच मानतात, २०० च्या वर गेलं की काळजी. आणि प्रोस्टेटच्या साइजवर जाऊ नका, छोटी असली तरी मधल्या नळीवर दाब येऊ शकतो.

युरोफ्लोमध्ये धारेचा वेग कळतो, सेकंदाला १० एमएलच्या खाली म्हणजे धार मंद, पण १५० एमएल तरी लघवी व्हायला हवी नाहीतर रिपोर्टला अर्थ नाही. मात्र अडथळा की कमजोर पिशवी हे त्यातून पक्कं होत नाही, त्याला युरोडायनॅमिक लागते, बारीक नळी घालून पिशवीतला दाब मोजतात. ती सगळ्यांनाच करत नाहीत.

अजून एक, सर्दीच्या गोळ्या घेतात का ते बघा. बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं, एकाने पिशवी ढिली पडते, दुसऱ्याने तोंड आवळतं. पोट साफ नसलं तरी हा त्रास वाढतो. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर टॅमसुलोसिन चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, विसरू नका.

लघवी एकदम बंद झाली, ताप आला, रक्त दिसलं किंवा पायांत ताकद कमी वाटली तर थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीला न्यायचं.

मूळ प्रश्न विचारणारी:
खूप खूप आभार दादा. सर्दीची गोळी घेतातच हो बाबा, थंडी सुरू झाली की रोज रात्री एक, आणि त्रासही थंडीतच सुरू झाला. पाकीट घेऊनच जाते डॉक्टरांकडे. ती नळीवाली तपासणी खूप दुखते का, तेवढं सांगाल? बाबा आधी तेच विचारणार.