विषय: सप्ताहाच्या साउंड मिक्सरचा +१५/−१५ सप्लाय

नमस्कार मंडळी,
आपण अंबाजोगाई तालुक्यात सप्ताहासाठी पाठवलेल्या जुन्या मिक्सरचा बाहेरचा सप्लाय जळालाय. डब्यावर इनपुट १२० व्होल्ट, आउटपुट डीसी +१५ आणि −१५, प्रत्येकी ३०० मिलिअँपिअर असं छापलंय. नवा मिळत नाही. गावचे मेकॅनिक बांधून देतो म्हणतात. त्यांना काय सांगू?
– मंजिरी, न्यू जर्सी

मंजिरीताई,
१२० ची प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची इनपुट गुंडाळी) थेट २३० वर लागली तर जळणारच. नवाच बांधा.

ट्रान्सफॉर्मर १८-०-१८, १ अँपिअर. दुकानदार १५-०-१५ पुढे करेल, तो नको. रब्बीत पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे २३० चे १८० होतात. मग १५ चे पावणेबारा उरतात, कपॅसिटरवर जेमतेम १६ डीसी चढतात आणि ७८१५ ला (+१५ स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आयसी; −१५ साठी ७९१५) किमान १७ हवेत. स्पीकरमधून घरघर सुरू होते आणि लोक उगाच माइकच्या केबली बदलत बसतात. १८ वाल्यावर तेवढ्याच लाइटीत १९ मिळतात.

मधली तार शून्य, बाहेरच्या दोन तारा चार १एन४००७ डायोडच्या ब्रिजला (एसीचा डीसी करणारी जोडणी). दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे कपॅसिटर, त्यांच्यापुढे रेग्युलेटर; रात्री लाइट चढते, ३५ चे काठावर येतात. प्रायमरीला २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.
– अविनाश, सॅन होजे

अविनाशदादांच्या मेलला जोडून. बरेच सप्लाय ७९१५ पाशीच बिघडतात. ७८१५ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ चे मात्र ग्राउंड, इनपुट, आउटपुट! शिवाय ७८१५ ची पाठ ग्राउंडला असते, ७९१५ ची इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवर) अभ्रक आणि प्लास्टिक बुशशिवाय कसले, की उणे बाजू सरळ शॉर्ट. पूर्ण लोडवर प्रत्येकी तीनेक वॅट उष्णता निघते, त्यामुळे हीटसिंक लागतोच. ७९१५ च्या अगदी पायाशी इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर लावा, नाहीतर तो ऑसिलेट होतो, म्हणजे आउटपुट स्वतःहून थरथरतो.
– गोविंद, लातूर

गोविंदकाका, दोन १५ व्होल्टचे तयार अ‍ॅडॉप्टर सिरीजमध्ये लावले तर? मधला जोड शून्य धरून.
– मंजिरी

चालतं, पण दोन्ही दोन पिनांचे, आयसोलेटेड (आउटपुट अर्थिंगपासून सुटं) हवेत. तीन पिनांच्या काहींत उणे टोक अर्थिंगला बांधलेलं असतं. तसे दोन जोडले की खालचा शॉर्ट होतो. स्विचिंगची शिट्टीही माइकच्या चॅनेलला ऐकू येते. कीर्तनाला मी ट्रान्सफॉर्मरचाच देईन.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्लगच्या पिना. तारांच्या रंगावर भरवसा नको. मिक्सर उघडून ४५५८ हा ऑपअँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारा) आयसी शोधा: पाय ८ अधिक, पाय ४ उणे. टीएल०७४ असेल तर ४ अधिक, ११ उणे. तिथून मीटरच्या बीपने सॉकेटची पिन पकडा. ग्राउंड जॅकच्या बाहेरच्या कड्यावरून मिळेल. जोडण्याआधी दोन्ही आउटपुटला ४७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा तास चालवा. मीटरवर १४.४ ते १५.६ च्या आत हवं, दोन्हीकडे. एक बाजू जरी नसली तरी मिक्सर जोडू नका. ऑपअँप दुसऱ्या टोकाला चिकटतात आणि स्पीकरला दणका बसतो.
– गोविंद